जुने ध्वनियंत्र घेताना



बाजारातून बैल आणायचा असला म्हणजे आपल्याकडे घरातला जाणता माणूस बरोबर नेतात. तो बैलाचे ओठ वर करून दात पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, दहा पावले चालवून बघतो आणि मगच रुमालाखाली बोटे दाबून भावाची गोष्ट काढतो. हेडी कितीही गोड बोलला, तरी दात पाहिल्याशिवाय कोणी दावे हातात घेत नाही. पण तोच जाणता माणूस शहरातून एखादे जुने, भारी किमतीचे ध्वनियंत्र आणायला निघाला, की वरची चकाकी आणि परदेशी नाव पाहूनच पैसे मोजून मोकळा होतो. मी स्वतः हेच केले. म्हणून आज या विषयावर तुमच्याशी चार शब्द बोलायला बसलो आहे.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, खेड्यातल्या माणसाला या उंची यंत्रांचे काय काम? काम आहे. कितीतरी घरांतून आजोबांच्या वेळच्या रेकॉर्डी ट्रंकेत पडून आहेत. नाट्यपदे आहेत, अभंग आहेत, मोठमोठ्या गवयांचे ख्याल आहेत. शाळेला वाटते, मुलांना हे ऐकवावे. भजनी मंडळाला वाटते, जुन्या चाली कानावर पडाव्यात. नव्या उंची यंत्राची किंमत ऐकली की छाती दडपते, आणि तेच यंत्र जुने घेतले तर तिसऱ्या हिश्शात मिळेल अशी जाहिरात मोबाइलवर आयती समोर येते. मोह पडणारच.

आमच्या गावी २०१९ साली हेच झाले. शाळेचे एक जुने हेडमास्तर वारले. गाण्याचे मोठे दर्दी. जाताना त्यांनी आपल्या रेकॉर्डींच्या दोन ट्रंका शाळेला दिल्या. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. कुणी पाचशे दिले, कुणी पाच हजार. ऊसतोडीला जाणाऱ्या एका मुलाने शंभराच्या दोन नोटा आणून दिल्या. एकूण ५२,००० रुपये जमले. 'गुरुजींना यातले कळते,' असे म्हणून ती रक्कम माझ्या हाती आली. कळत होते ते एवढेच, की मी तरुणपणी रेडिओ उघडून बसत असे!

मुंबईतल्या एका गृहस्थांकडे रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र, अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर असा संच असल्याचे समजले. त्यांनी तो पूर्वी अमेरिकेहून आणलेला. आम्ही दोघे गेलो. सामान माळ्यावरून काढून पुसून ठेवले होते. दिसायला राजबिंडे. जोडून दाखवायला वेळ लागेल, असे ते म्हणाले. आम्हालाही परतीची एसटी गाठायची होती. ४४,००० रुपये मोजले आणि न ऐकता संच घेऊन आलो. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची, म्हणून विजेचा दाब उतरवणारे रोहित्र त्यांनी बरोबर दिले होते. तेव्हा काळजीचे कारण नाही, असे आम्ही समजलो.

शाळेत संच जोडला. गाव जमले. हेडमास्तरांची आवडती अभंगाची रेकॉर्ड लावली. आवाज भरदार आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले आप्पा कपाळाला आठी घालून बसले होते. ते उठले, पेटी पुढे ओढली, दोन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "गुरुजी, ह्ये काळी एकमधलं गाणं हाय. खाली काळी पाच लागतीया. आन् चालबी रेंगाळतीया. बुवा असं गात नव्हतं."

आप्पांचे बोलणे तंतोतंत खरे होते. त्याचे कारण सांगतो. शिक्षक मंडळींनी हे जरूर टिपून घ्यावे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे झुलते, अमेरिकेतली ६० वेळा. रोहित्र विजेचा दाब उतरवते, पण हे झुलणे बदलत नाही. त्या यंत्राची मोटार विजेच्या झुलण्याशी पाऊल जुळवून फिरणारी होती. साठाच्या जागी पन्नास आले, म्हणजे वेग एकषष्ठांशाने घटला. मिनिटाला ३३⅓ फेरे घ्यायची ती तबकडी २७.८ फेरे घेऊ लागली. त्यामुळे सूर पेटीच्या तीन पट्ट्यांहून किंचित अधिक खाली आला. काळी एकमधून अशा तीन पट्ट्या उतरा, खालच्या सप्तकातली काळी पाचच येते. यंत्रविद्या न शिकलेल्या आप्पांनी कानाने विजेची चूक पकडली.

एवढ्यावर भागले नाही. हेडमास्तरांच्या निम्म्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या निघाल्या, आणि यंत्र फक्त ३३⅓ व ४५ फेऱ्यांचे. पावसाळ्यात स्पीकर फरफर वाजू लागले. जाळी काढून पाहतो तो कागदी कोनाभोवतीची फोमची कडा जुन्या गादीतल्या फोमसारखी हातात भुगा होऊन आली. शेवटी मला माजी विद्यार्थ्यांच्या सभेत उभे राहून सांगावे लागले, की चूक माझी आहे. दुरुस्तीचा निम्मा खर्च मी निवृत्तिवेतनातून भरला. पण ज्या मुलाने दोनशे रुपये दिले होते, त्याच्याकडे पाहवले नाही.

त्या गृहस्थांनी लबाडी केली, असे मी म्हणणार नाही. संच वर्षानुवर्षे माळ्यावर होता. त्यांनाही ठाऊक नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. जुन्या यंत्राच्या व्यवहारात लबाड माणूस भेटतो, नाही असे नाही. पण यंत्राचे वय आणि दोन्ही बाजूंचे अज्ञान यांनीही माणूस बुडतो. भल्या माणसाकडून घेतले म्हणजे यंत्र चांगले, असे होत नाही.

मग जुने घेऊच नये काय? तसेही नाही. चांगल्या कंपन्यांची जुनी यंत्रे खरोखरच मजबूत असतात. जपानच्या टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे रेकॉर्डयंत्र १९७२ साली निघाले. त्यात पट्टाच नाही. तबकडी थेट मोटारीवर फिरते. कंपनीने ते २०१० मध्ये बंद केले आणि मागणीमुळे २०१६ मध्ये त्या नावाचे नवे यंत्र पुन्हा काढले. त्याची जुनी यंत्रे आजही वाजत आहेत. इंग्लंडमधले १९५० च्या दशकातले गॅरार्ड ३०१ हे यंत्र तर शौकीन लोक अजून शोधत फिरतात. तेव्हा जुने ते टाकाऊ नव्हे. मात्र बैलासारखे तीन प्रकारे पारखून घ्यावे: दात पाहावे, चालवून पाहावे आणि आपल्या जुवाला चालेल का ते पाहावे.

आधी दात. वय कळते कशावरून, तर झिजणाऱ्या भागांवरून.

पहिला भाग स्पीकरच्या कोनाभोवतीची कडा. ती फोमची असेल तर दहा-वीस वर्षांत, दमट हवेत त्याआधीही, कुजते. रबराची कडा जास्त टिकते, कापडाची त्याहून अधिक. जाळी काढायला लावा आणि बोटाने हलकेच दाबा. चिकट लागली किंवा कण सुटले, तर कडा बदलावी लागणार. कडा बदलता येते. पण तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. मग दोन्ही हातांची बोटे कोनावर सारखी टेकवून तो अलगद आत ढकला. खरखर आली तर आतले तारेचे वेटोळे घासते आहे. जोडीतले दोन्ही स्पीकर एकाच बनावटीचे आहेत ना, तेही बघा. एका बाजूचा भोंगा जळाल्यावर भलताच बसवलेला पुष्कळदा आढळतो.

दुसरा भाग अँप्लिफायरमधले मोठे कपॅसिटर. कपॅसिटर म्हणजे विजेचा रांजण समजा. वीज साठवून तिचा प्रवाह संथ ठेवणे हे त्याचे काम. त्याच्या आत ओलसर द्रव्य असते. ते वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने सुकते. कारागिरांचा आडाखा असा, की तापमान दहा अंश वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. रांजण सुकला की स्पीकरमधून भुंग्यासारखी घूं-घूं येते.

तिसरा भाग रेकॉर्डयंत्राची सुई. हिऱ्याची सुईसुद्धा साधारण ५०० ते १००० तास चालते. रोज एक तास ऐकले तर सव्वा ते पावणेतीन वर्षे. जुन्या यंत्राबरोबर आलेली सुई झिजलेलीच आहे, असे समजून चला. यात कंजुषी नको. झिजलेली सुई रेकॉर्डची खोबण खरवडते. यंत्र पुन्हा मिळेल, आजोबांची रेकॉर्ड पुन्हा मिळणार नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खोबण रुंद असते, तिला वेगळी जाड सुई लागते, हेही विसरू नका.

चौथा भाग रबर. फिरवणारा पट्टा सैल पडतो, रबरी चाक कडक होते. पट्टा स्वस्त असतो. पण सीडी वाजवण्याच्या यंत्रातला किरणाचा डोळा म्हातारा झाला आणि तो भाग निघेनासा झाला असेल, तर ते यंत्र म्हणजे शोभेची पेटी.

आता चालवून पाहणे. स्वतःच्या ओळखीची रेकॉर्ड बरोबर न्या. जी रेकॉर्ड तुम्ही शंभर वेळा ऐकली आहे, तीच चूक दाखवते. संच थंड असताना सुरू करायला सांगा आणि तासभर चालू ठेवा. पुष्कळ दोष यंत्र तापल्यावरच बाहेर पडतात. आवाजाची कळ हळू हळू फिरवा. नुसती खरखर आली तर ती साफ केल्याने जाते. पण एका बाजूचा आवाज मधेच गेला आणि ठोकल्यावर परत आला, तर सावध व्हा. दोन्ही बाजू आलटून पालटून ऐका. जळक्या वासाकडे लक्ष द्या. मागच्या स्क्रूंची तोंडे खरवडलेली असतील, तर यंत्र कितीदा उघडले आणि कोणी, हे विचारा. आणि एक पेटीवाला किंवा गवई बरोबर न्या. आप्पा माझ्याबरोबर मुंबईला आले असते तर हे भाषण करायची पाळी आली नसती!

ज्याला मल्टिमीटर वापरता येतो त्याने आणखी एक चाचणी करावी. ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर असेल तर स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरच्या दोन टोकांमधला एकदिश दाब मोजावा. पन्नासएक मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. शेकडो दिसले तर त्या अँप्लिफायरपासून स्पीकरला धोका आहे. व्हॉल्व्हच्या जुन्या अँप्लिफायरला मात्र ही चाचणी लावू नका. तो स्पीकर जोडल्याशिवाय चालू करणेच वाईट. त्याच्या आत तीनचारशे व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. हौस म्हणून झाकण उघडू नका, जीव जाईल.

तिसरी परीक्षा जुवाची. यंत्र उत्तम आहे, पण तुमच्या गावात चालेल का? पाठीमागची पट्टी वाचा. जपानमध्ये विकलेल्या यंत्रावर १०० व्होल्ट लिहिलेले असते, अमेरिकेतल्यावर १२०. तसेच आपल्या प्लगात घातले तर धूर निघेल. रोहित्राने दाबाचा प्रश्न सुटतो. पण मोटारीचे यंत्र असेल तर ५० की ६० हे विचारलेच पाहिजे. दोन पिनांच्या जुन्या यंत्राची अर्थिंगची व्यवस्था जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. खेड्यात विजेचा दाब खालीवर होतो, तेव्हा स्टॅबिलायझरचा खर्च धरा. कोकणात पावसाळी ओल धरा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बिघडले तर ते दुरुस्त करणारा माणूस किती कोसांवर आहे? तीस किलो वजनाचा अँप्लिफायर एसटीने चार वेळा न्यावा लागला, तर स्वस्तातले यंत्र महाग पडते.

आता हिशेब करू. समजा, जुन्या अँप्लिफायरची मागणी ३०,००० रुपये आहे आणि त्याच तोडीच्या नव्याची किंमत ९०,०००. दुरुस्तीला ६,०००, रोहित्राला ३,०००, जाण्यायेण्याला २,०००. म्हणजे घरात पडेपर्यंत ४१,०००. आता असेही समजा, की अशा चार व्यवहारांत एक पूर्ण बुडतो. मग चारांचे १,६४,००० रुपये तीन चांगल्या यंत्रांवर वाटले, तर एकेक सुमारे ५४,७०० ला पडले. तरीही नव्यापेक्षा ३५,००० नी स्वस्त. म्हणजे जुने घेणेच शहाणपणाचे, नाही का?

इथेच खरी गोम आहे. हा हिशेब खरा कोणाला? जो दहा यंत्रे घेतो त्या व्यापाऱ्याला. त्याचे एक बुडाले तर बाकीची भरून काढतात. आपण आयुष्यात एकदा घेतो. आपल्याला पाऊण यंत्र मिळत नाही. मिळाले तर पूर्ण, गेले तर पूर्ण. आणि पैसा वर्गणीचा असेल तर बुडतो तो नुसता पैसा नव्हे. पुढच्या वेळी वर्गणी मागायला तोंड राहत नाही.

म्हणून माझा नियम असा. पैसा स्वतःचा आणि हौसेचा असेल, आणि तो सगळा गेला तरी रात्री झोप लागेल, तर खुशाल जोखीम घ्या. पैसा दहा जणांचा असेल तर थोडे जास्त मोजा. पण ज्या दुकानात वाजवून दाखवतात, दुरुस्ती करून देतात आणि परत घेण्याची मुदत कागदावर लिहून देतात, तिथूनच घ्या. ते जास्तीचे चार-पाच हजार म्हणजे विम्याचा हप्ता समजा.

कागदावर का म्हणतो, तेही सांगतो. आपल्याकडे माल विक्रीचा १९३० सालचा कायदा आहे. त्याच्या कलम १६ चे सामान्य धोरण असे, की मालाची पारख घेणाऱ्याने करावी; विकणाऱ्यावर गुणाची हमी आपोआप येत नाही. पण विकणारा त्याच मालाचा व्यापारी असेल, तुम्ही कशासाठी घेता हे त्याला सांगितले असेल आणि त्याच्या ज्ञानावर विसंबून घेतले असेल, तर त्याच्यावर जबाबदारी येते. तेव्हा पावतीवर लिहून घ्या: 'शाळेत २३० व्होल्टवर ७८ व ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डी वाजवण्यासाठी'. एवढ्या एका ओळीने आमचे निम्मे नुकसान वाचले असते. कारण ती ओळ लिहिताना विकणाराही विचारात पडतो.

मोबाइलवरच्या जाहिरातीला मात्र लांबूनच पैसे पाठवू नका. 'बदली झाली आहे, सामान घाईने काढायचे आहे, आगाऊ रक्कम पाठवा' असे कोणी म्हणाला, की फोन ठेवा. मोबाइलवरून पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपले जातात. फसवणूक झालीच तर सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा क्रमांक ताबडतोब लावा. माल विक्रीच्या कायद्याचे साल आणि हा क्रमांक एकच, म्हणून ध्यानात ठेवायला सोपे.

आणि यंत्र घेतलेच, तर घरी आणताना जपा. रेकॉर्डयंत्राची जड तबकडी काढून वेगळी बांधा, सुईचा दांडा अडकवून ठेवा, सुईवर टोपण घाला. चांगले यंत्र घाटातल्या धक्क्यांनी बिघडवून आणू नका.

आमच्या संचाचे पुढे काय झाले, ते सांगून आपली रजा घेतो. तालुक्याच्या लेथवाल्याने मोटारीवरची पुली सव्वापटीला थोडी कमी, म्हणजे १.२ पट मोठी कातून दिली. दोनदा कातावी लागली. आप्पा पेटी घेऊन लेथजवळच बसले होते. मोटार थोडी गरम चालते, पण सूर बरोबर लागतो. स्पीकरच्या कडा बदलल्या. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी एक साधे यंत्र दुकानातून वाजवून, पावतीवर ओळ लिहून घेतले. नववीच्या मुलांना मी पुलीचे गणित फळ्यावर घालतो, आणि उत्तर बरोबर आले की नाही ते त्यांना गाण्यातच ऐकवतो. ज्याने दोनशे रुपये दिले होते, तो मुलगा दिवाळीला येऊन एक पूर्ण बाजू ऐकून गेला.

तेव्हा मंडळी, जुने ध्वनियंत्र घ्यायला निघालात तर डोळे घरी ठेवा असे मी म्हणत नाही. पण कान मात्र बरोबर न्या. आपले तयार नसतील तर गावातल्या आप्पांचे न्या.

नमस्कार.